पंचवीसचा ठोकळा

राजीनाम्याचं पत्र तांबोळी सरांनी
रिपोर्ट तपासतात तसंच तपासलं.
कानावरची पेन्सिल काढली, ओळीखाली पट्टी धरली,
'मनःपूर्वक'मधला विसर्ग सुटला होता, तो दिला,
आणि म्हणाले, "तारीख नाही घातलीस, लोणकर.
तारखेशिवाय कुठलंच माप खरं नसतं."

मी भांडायच्या तयारीनं आले होते.
दिघीपासून भोसरीपर्यंत बसमध्ये उभ्यानं
वाक्यं घोकलेली: घराचा हप्ता, चाकणची कंपनी,
नऊ वर्षं कमी नसतात, सर.
एकही खर्ची पडलं नाही.
अजून कोरी करकरीत आहेत सगळी,
पुढंमागं नवऱ्याशी उपयोगी पडतील.

आमची खोली वीस अंशांची.
बाहेर एमआयडीसीत पत्रे तापून तडतडत असले
तरी आत वीसच.
पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले होते,
पोलादालाही ऊन बाधतं. फुगतं ते,
आपल्याला दिसत नाही इतकंच.
म्हणून बाहेरून आलेला जॉब रात्रभर आत ठेवायचा,
निवू द्यायचा, सकाळी माप घ्यायचं.

गिऱ्हाइकांनाही ते असंच निववायचे.
'माझा गेज नापास कसा?' म्हणत कुणी तणतणत आला
की आधी खुर्ची, मग पाणी, मग चहा,
मग आकडा.
आकडा मात्र तोच.

नोटिशीच्या महिन्यात मी प्रांजलला शिकवलं
ठोकळे पुसायचे कसे, चामड्यानं, एकाच दिशेनं;
एकावर एक आडवे ठेवून हलकेच फिरवले
की कसे धरून बसतात,
ना डिंक, ना चुंबक.
"पण का धरतात?" तिनं विचारलं.
मी नऊ वर्षांत विचारलं नव्हतं.
सरांकडं पाहिलं. ते म्हणाले, "लोकांचं एकमत नाही."

शेवटच्या दिवशी समोसे झाले, शाल झाली,
शिपाई गवसमामांनी फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले.
सगळे पांगल्यावर मी दार लोटून घेतलं
आणि सांगून टाकलं.

सर, पंचवीसचा ठोकळा.
मी इथं लागून तिसराच महिना होता.
हातातून सुटला, फरशीवर पडला, कोपरा दुखावला.
पुसून परत खोक्यात ठेवला मी.
कुणाला बोलले नाही.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"ठाऊक आहे," म्हणाले.
"बारा आणि तेरा जोडून घे, असं मी
उगाच सांगत होतो का तुला?
पंचवीस कधी तरी वापरू दिला?"

खरंच की.
नऊ वर्षं बारा आणि तेरा.
मला वाटायचं, सरांची खोड आहे,
काही लोक पहिला घास बाजूला काढून ठेवतात तशी.
दरवर्षी बंगळुरूला संच जायचा
तेव्हा एक खाच रिकामी जायची,
आणि नव्या ठोकळ्याचं कोटेशन
दरवर्षी त्यांच्या ट्रेमध्ये तळाशी.

"बोलला का नाहीत, सर?"
"तू बोलशील म्हणून थांबलो.
मग पुढं राहूनच गेलं."
आणि जरा वेळानं,
"पहिले दोन महिने राग आला होता, खोटं नाही सांगत."

अनुभवाचा दाखला त्यांनी स्वतः टाइप केला.
नाव, हुद्दा, पासून, पर्यंत.
'वर्तणूक' या शब्दापुढं फक्त 'चांगली'.
मला वाटलं, 'अतिशय' तरी घालतील.
पण मोजता येत नाही ते ते लिहीत नाहीत,
हे मीच प्रांजलला दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

खिळ्यावरचा स्वेटर तिथंच राहू दिला.
कोपरावर विरलाय, तरी तिला होईल.
फाटकापर्यंत सर सोडायला आले,
बाहेरच्या उन्हात डोळे बारीक करून उभे राहिले.
निघताना काही बोलतील असं वाटलं.
म्हणाले, "चाकणला त्यांची खोली
खरोखर वीसवर ठेवतात का, ते बघ.
नसतील तर सांगायचं. पहिल्याच दिवशी."

बस आली. बसायला जागाही मिळाली.
पंचवीसचा ठोकळा पर्समध्ये होता,
तो त्यांनीच दिला, फडक्यात गुंडाळून.
नाशिक फाट्यापर्यंत हातात धरून बसले,
गार होता आधी,
मग नव्हता.